विजूच्या नावाचा नारळ

(सांगणार : बेबीबाई, लातूरला मुलींची मेस चालवतात)

माझं माहेर औसा तालुक्यातलं. गावाचं नाव न्हाई सांगत, राग मानू नका, कारण नाव घेतलं की समोरचा माणूस लगेच तोंड बारीक करतो आन् विचारतो, तुमच्या घरचे किती गेले हो भूकंपात, आन् मंग जे सांगायचं ते राहतंच बाजूला. मला आज रडायचं न्हाई बघा. मला विजूचं सांगायचंय. माझा बाप शिंपी होता, आन् त्या टायमाला आमी मळ्यात पत्र्याच्या खोपटात राहायला होतो म्हून आमी सगळे वाचलो. विजूचं घर गावात, दगडामातीचं, वर मातीचं जड माळवद. तिचा बाप गेला, भाऊ गेला. विजू आन् तिची माय सोजरमावशी, दोघीच राहिल्या. बस, भूकंपाचं एवढंच. आता पुढं ऐका, कारण खरी मजा पुढंच हाय.

मंग आमाला पत्र्याच्या शेडात ठेवलं. उन्हाळ्यात चुलीशिवाय भाकरी भाजावी असे ते पत्रे. आन् मदतीच्या गाड्या यायच्या, काय सांगू तुमाला, कुठून कुठून यायच्या! लोकांनी मन मोठं करून घरातलं सगळं दिलं होतं. धोतरावर घालायला कोट आला. टाय आल्या, त्या आमच्या आज्यानं बैलाच्या शिंगाला बांधल्या. उंच टाचाचे बूट आले, एकाच पायाचे. आन् अशाच एका गाडीत एक लोखंडी कडं आलं, त्याला खाली जाळी, आन् संगं एक नारिंगी चेंडू, पण हवा गेलेला, भोपळ्यावानी चेपलेला. कोणालाच कळंना हे काय हाय. बायांनी कडं फिरवून फिरवून बघितलं. सोजरमावशी म्हणली, द्या मला, माझ्या रांजणाला तिवई न्हाई. तीन दगड मांडले, त्यावर कडं ठेवलं, कड्यावर रांजण बसवला. काय बेतात बसला म्हणता! जाळी सोडून घेतली, तिच्यात कांदे भरले आन् वर टांगले. सगळ्या बायांना इतका हेवा वाटला की पुढच्या गाडीला विचारायल्या, हो भाऊ, रांजणाची अजून कडी हायत का?

शेडातल्या शाळेत एक ड्रिलचे सर आले, नरसिमलू सर. देगलूरकडचे. मराठी बोलता बोलता मधीच तेलुगू घुसायची, रा रा करून बोलवायचे आमाला, रा म्हणजे ये. सर एकदा पाणी प्यायला सोजरमावशीच्या दारात गेले, तांब्या तोंडाला लावला, आन् नजर गेली खाली. तांब्या तसाच. हसू आलं तर पाणी नाकातून आलं माणसाच्या. मावशीला वाटलं ह्यांना फेफरं आलं, ती धावली कांदा घेऊन, नाकाला लावायला, आन् कांदा कशातून काढला तर त्या जाळीतून, मंग सर अजूनच हसायले, खालीच बसले. म्हणले, अय्यो बाई, हे रांजणाचं न्हाई, हे बास्केटबॉलचं हाय. मावशी म्हणली, कशाचं बी असू द्या, पाणी कशावर ठेवू ते सांगा. सरांनी दुसऱ्या दिवशी औशाच्या बाजारातून खरी तिवई आणून दिली तवा कडं मिळालं. विजू तिथंच उभी होती, पाणी भरायली होती. ती म्हणली, सर, ह्या कड्याचं काय करतात? सर म्हणले, ह्याच्यातून चेंडू घालायचा. विजू म्हणली, आन् मंग? सर म्हणले, खालून पडतो. विजू म्हणली, मंग घालायचा कामून? बघा, असा पहिला सवाल तिचा.

कडं लावायला खांब मिळाला, पण मागं फळी पाहिजे. फळी कुठली आणायची? तर विजूच्या घराचं दार तेवढं शाबूत निघालं होतं. सगळं घर खाली आन् दार चौकटीत उभंच्या उभं. सागवानी, कडीकोयंडा सगळा जागेवर. सरांना विचारायचं जिवावर आलं. सोजरमावशीच म्हणली, न्या, घर न्हाई तर दार घेऊन काय करू. ते दार आडवं करून खांबावर ठोकलं, त्याला कडं लावलं, सायकलच्या पंपानं चेंडूत हवा भरली, आन् आमचं टोपलं तयार झालं. आमी त्याला टोपलंच म्हणायचो, बास्केट कोण म्हणतंय. दाराची कडी काही काढली न्हाई कोणी. चेंडू बरोबर जागेवर आपटला की ती कडी खण्णकन वाजायची आन् चेंडू टोपल्यात. विजूला ते फार लवकर कळलं. ती टोपल्याकडं बघायचीच न्हाई, कडीवर नेम धरायची. खण्ण, खण्ण, खण्ण, दिवस मावळेपर्यंत. बाया म्हणायच्या, सोजर, तुझ्या दारावर कोण आलंय बघ! आन् मावशी चुलीपुढून वरडायची, माझीच पोरगी हाय, येऊ दे घरात.

आता आमी खेळायचो कशावर, तर मदतीत आलेल्या पोरांच्या चड्ड्यांवर. लोक बोलायले. मोठ्या झाल्या पोरी, पाय दाखवत नाचायल्या, माय-बापाला लाज न्हाई. माझ्या बापानं ते कानावर घेतलं आन् सगळ्यांना गुडघ्याच्या खाली येतील अशा चड्ड्या शिवून दिल्या, त्या बी कशाच्या, तर आलेल्या पडद्यांच्या. मोठी मोठी गुलाबाची फुलं त्यावर. एकीच्या बुडावर फूल, एकीच्या मांडीवर फूल. विजू उंच, तिला पडदा पुरला न्हाई, तिची चड्डी दोन रंगाची. मी बुटकी. सर म्हणायचे, विजू वर, बेबी खाली. म्हणजे मी चेंडू आणायचा, लोकांच्या काखेखालून सटकायचं, आन् विजूला द्यायचा. जन्मभर तेच केलं बघा मी, खालून सटकायचं काम.

विभागाचे सामने नांदेडला होते. आमी एसटीनं गेलो, पुलावरून गोदावरी बघितली, एवढं पाणी एका जागी कवा बघितलंच नव्हतं, पोरी सगळ्या एका खिडकीत. मैदानावर गेलो तर समोरच्या पोरी निळ्या ड्रेसात, पाठीवर नंबर, पायात पांढरे बूट. आन् आमी गुलाबाच्या बागेतून आल्यावानी. लोक हसायले. त्यांना वाटलं आमी नाचाच्या कार्यक्रमाला आलो. मला तर रडूच फुटलं होतं. विजू म्हणली, गप ग, चेंडू तर त्यांचा बी गोलच हाय.

सामना लागला. मी सटकले, विजूला चेंडू दिला, तिनं मारला, पडला टोपल्यात. आन् विजू थांबली! तशीच उभी, हात वर, मान तिरपी. त्या निळ्या पोरींनी चेंडू घेतला आन् तिकडं जाऊन घातला बी. पुन्हा दिला, पुन्हा तिनं घातला, पुन्हा उभी. मला कळंना, काय भूत लागलं का हिला. सर बाहेरून बोंबलायले, रा, रा, पळ, पळ! तर विजू म्हणते कशी, सर, वाजंना की! अहो, ती कडी वाजायची वाट बघायली होती! तिला वाटलं, कडी वाजली न्हाई म्हणजे धरणार न्हाईत. सर मैदानाच्या रेषेपर्यंत आले आन् कपाळाला हात लावून म्हणले, अग माय, कडी न्हाई इथं, ह्या लोकांची दारं घरीच हायत, तू पळ! सगळं मैदान बघायलं. आन् मंग जी पळाली विजू, जी पळाली, काय सांगू तुमाला, आत्ता सांगताना बी माझ्या अंगावर काटा येतोय, हे बघा. निळ्या पोरींना चेंडूच दिसंना. हसणारे लोक उभे राहून टाळ्या वाजवायले, गुलाब, गुलाब म्हणून वरडायले. आमी जिंकलो. येताना एसटीत विजू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आन् झोपेत बी हात हलायले तिचे.

तिथून ती थांबलीच न्हाई. विभाग, मंग राज्य, मंग देश. पेपरात फोटो आला, टीव्हीवर दिसली. माझं तोवर लग्न होऊन मी लोह्याला नांदायला गेले होते. सासरी टीव्ही शेजाऱ्याकडं. मी पोळ्या टाकून पळत गेले, ती मैदानात आली की वरडले, कडीवर मार विजे, कडीवर! सगळे शेजारी माझ्याकडं बघायले. सासू म्हणली, सूनबाई, कोण लागते ती तुझी? मी म्हणलं, ती वर आन् मी खाली. सासूला काय कळलं देव जाणे. मंग विजूला खेळाडू म्हून नांदेडला ऑफिसात नोकरी लागली. मावशीला घेऊन गेली. सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून पोरींना शिकवायची. लग्न न्हाई केलं. मी लई मागं लागले, तर म्हणायची, मैदानावर पाच जणींचा संसार हाय माझा, त्यात सहावा कुठं बसवू.

माझा मालक टेम्पो चालवायचा, लोह्यात काही भागंना, म्हून आमी लातूरला आलो. आन् लातूर म्हणजे तुमाला ठाऊकच हाय, क्लासेसचं गाव होऊन बसलं होतं. जिकडं बघावं तिकडं डॉक्टर होणारी लेकरं. एका एका घरावर तीन तीन मजले चढले, खाली क्लास, वर होस्टेल, मधी झेरॉक्स. आमाला दुसरं काय येतंय, मी मेस काढली. पोरी यायच्या देवणीच्या, उदगीरच्या, परभणीच्या, कुठल्या कुठल्या. तोंडात घास आन् डोळे पुस्तकात. वरण सांडलं तरी कळायचं न्हाई. त्यातली एक पल्लवी, देवणीची, अंगानं दणकट, देवणीचे बैल नावाजलेले म्हून तिला बाकीच्या पोरी देवणीचं खोंड म्हणायच्या, ती पण हसायची. पण टेस्टचे मार्क लागले की ताटावरून उठून जायची आन् जिन्याखाली बसून रडायची. मला आतडं तुटायचं, पण मी काय फिजिक्स शिकवणार हाय का तिला?

तवाच विजूची बदली लातूरला झाली. आली ती सरळ माझ्या मेसमधी, दारातूनच वरडली, बेबे, वाढ! जेवता जेवता पोरींकडं बघायली. मला म्हणली, ह्या पोरी कवापासून पळाल्या न्हाईत ग? मेसच्या मागं सोसायटीचं मोकळं पटांगण होतं, नुसतं गवत आन् कुत्री. विजूनं चेअरमनसाहेबांना गाठलं, त्यांनी बी हाव म्हणलं, देशाकडून खेळलेली बाई म्हणल्यावर न्हाई कोण म्हणतंय. तिनं स्वतः उभं राहून फरशी टाकून घेतली, दोन्हीकडं खांब लावले. आन् रोज पाच वाजता मेसच्या दारात येऊन चेंडू आपटायची, धप्प धप्प. पोरी म्हणायच्या, ताई, अभ्यास हाय. ती म्हणायची, अभ्यास कुठं पळून चाललाय, तुमी पळा. अर्धा तास. पहिल्या दिवशी दोघी आल्या, मंग चौघी, मंग जागा पुरंना. पल्लवी तर अशी खेळायली की विचारू नका. आईबापांचे फोन यायचे मला, आमी पोरगी डॉक्टर व्हायला पाठवली, तुमी उड्या मारायला शिकवायलाव. मी फोन विजूच्या हातात द्यायची. ती म्हणायची, भाऊ, घाम आलेलं लेकरू रात्री झोपतं, आन् झोपलेल्या लेकराच्या डोक्यात काही बी शिरतं. फोन ठेवताना तेच म्हणायचे, बरं ताई, लक्ष ठेवा.

आन् मंग ती गेली. कावीळ झाली, अंगावर काढली, नांदेडला सामने हायत म्हणली, सामने झाल्यावर बघू. नांदेडच्या दवाखान्यात नेलं तवा उशीर झाला होता. मला बघून म्हणली, पोरी आल्या होत्या का ग आज? मी म्हणलं हाव, आल्या होत्या. मंग डोळे मिटले. आता पुसते मी डोळे, थांबा जरा. म्हणलं होतं ना मी आज रडायचं न्हाई, पण हे एवढं एक ठिकाण असं हाय की मला ओलांडता येत न्हाई.

वर्षश्राद्ध जवळ आलं. चेअरमनसाहेब आन् शेजारचे क्लासवाले सर, दोघे माझ्या मेसमधी आले, लई खुशीत. म्हणले, बेबीबाई, विजयाताईंचं कायमचं स्मारक करायचं ठरलंय. मी म्हणलं, अरे वा, काय करायलाव? म्हणले, त्यांच्या नावानं अभ्यासिका. एसी, वायफाय, शंभर टक्के शांतता, गरिबाच्या पोरींना फुकट. मला इतका आनंद झाला की मी चहा टाकला. चहा उकळता उकळता विचारलं, कुठं बांधणार? म्हणले, कुठं म्हणजे, त्यांच्याच पटांगणावर. मी चिमटा खाली ठेवला. अहो, माणसं वाईट न्हाईत, खोटं कामून बोलू. त्यांना मनापासून वाटायचं की लातुरात माणसाला ह्याच्यापेक्षा मोठा मान कोणता. पण तुमीच सांगा. जी पोरगी जन्मभर बोंबलत खेळली, तिच्याच फरशीवर तिचंच नाव लावून खाली पाटी, शांतता राखा! तितं खोकायची बी चोरी! मी तडातडा बोलले. चेअरमन म्हणले, तुमी उगं तापायलाव, त्यांच्या आईनंच हाव म्हणलंय.

मी दुसऱ्या दिवशी नांदेडची गाडी धरली. विजू गेल्यापासून सोजरमावशी तितं भाच्याकडं राहायली होती. मला बघून तिचं तोंड असं फुललं, म्हणली, बेबे, ऐकलंस का, पोरीचं नाव लागतंय, मोठ्या अक्षरात, मलाच नारळ फोडायला बोलवलंय. नवं लुगडं काढून दाखवलं. काय बोलू मी? वर्षभरात पहिल्यांदा हसायली होती बाई. मी लुगड्याची घडी घालून दिली. चहा पिऊन परत आले, येताना एसटीत स्वतःलाच शिव्या घातल्या.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पटांगणात मांडव. विजूचा फोटो, हार, माईक. क्लासला सुट्टी, सगळ्या पोरी खुर्च्यांवर ओळीनं. आन् नांदेडहून विजूनं शिकवलेल्या पोरी क्रूझर गाडी करून आल्या होत्या, अंगात खेळाचेच ड्रेस, फोटोला सलामी द्यायची म्हून. बरोबर फरशीच्या मधोमध विटा मांडलेल्या, हळदकुंकू, बाजूला टिकाव. भाषणं झाली. चेअरमन म्हणले, विजयाताई अमर हायत. क्लासवाले सर म्हणले, त्यांच्या नावाखाली हजारो डॉक्टर घडतील. टाळ्या. मी स्वयंपाकाकडं तोंड करून उभी, मला बघवंना.

पुजारी म्हणले, आजी, नारळ वाढवा. मावशीनं नारळ हातात घेतला, इकडं तिकडं बघितलं आन् विचारलं, अभ्यासाचा हॉल कुठं बांधणार म्हणलाव? चेअरमन म्हणले, हितंच आजी, ह्या विटा मांडल्यात न्हाई का. मावशी म्हणली, आन् टोपलं? चेअरमन फोटोचा हार नीट करायले. तिला वाटलं ऐकू गेलं न्हाई, म्हून मोठ्यानं म्हणली, माझ्या पोरीचं टोपलं कुठं राहणार? तवा माझ्या ध्यानात आलं, तिला वाटलं होतं पटांगणात म्हणजे कडेला कुठंतरी, रिकाम्या जागेत. क्लासवाले सर हळूच म्हणले, आजी, ते काढावं लागंल. पण नाव राहील ना. मावशी म्हणली, नावाला काय हात फुटणार हायत का चेंडू टाकायला?

आन् मंग बघा काय केलं बाईनं. नारळ घेतला, विटांना वळसा घातला, आन् निघाली सरळ खांबाकडं. पुजारी म्हणायले, आजी, हिकडं, हिकडं! ती कशाला ऐकतीय. खांबाच्या बुडाला गेली, नवं लुगडं सावरलं, आन् दिला आपटून नारळ. दोन शकलं! पाणी सगळं फरशीवर. मंग वळून म्हणली, वाढवला बघा नारळ. आता सामना लावा. चेअरमन म्हणले, अहो आजी, सामना कसला, भूमिपूजन हाय! मावशी म्हणली, खेळाच्या मैदानात खांबाला नारळ फुटला की सामना लागतो, माझ्या पोरीनं दर सामन्याला मला दाखवलंय. आता न खेळता उठलाव तर अपशकुन. बघा बाबा तुमचं तुमी.

अपशकुन म्हणल्यावर कोण बोलतंय हो! पुढं मोठी परीक्षा, सगळ्या पोरींचे आईबाप बसलेले. एक बाप उठून म्हणला, खेळू द्या की चेअरमनसाहेब, उगं कशाला. पुजाऱ्यानं बी मान हलवली. आन् माझ्या अंगात काय आलं काय माहीत, मी पदर खोचला, विटा उचलल्या, एकेक करून रेषेच्या बाहेर नेऊन ठेवल्या, तोंडात दोन बोटं घातली आन् अशी शिट्टी हाणली की मांडववाल्याच्या हातातला ग्लास पडला. म्हणलं, नांदेड हिकडं, लातूर तिकडं, चला ग पोरींनो!

काय सामना झाला! काय सामना झाला म्हणून सांगू तुमाला! नांदेडच्या पोरी तयारीच्या, वाऱ्यावानी पळायच्या. आमच्या पोरी पंजाबी ड्रेसात, ओढण्या कमरेला, चपला फेकून अनवाणी. पहिल्या झटक्याला नांदेडनं धुऊन काढलं आमाला. मंग पल्लवी पेटली. चेंडू आपटत अशी घुसली की दोघी तिघी आपोआप बाजूला झाल्या. पोरी वरडायल्या, खोंड सुटलं, खोंड सुटलं! होस्टेलच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या, पोरं थाळ्या बडवायले. चेंडू टोपल्यात पडला की आरोळी, हुकला की आरोळी. आन् ते क्लासवाले सर, शंभर टक्के शांततावाले, खुर्चीवर चढले होते, टाय पाठीवर गेलेली, आन् बोंबलायले होते, पास दे, अग पास दे ना बाई, एकटीच कामून खेळायलीस! मी शिट्टी वाजवू का हसू, मला कळंना. शेवटी पल्लवीनं लांबून एक मारला, चेंडू कड्यावर बसला, फिरला, फिरला, आन् बाहेर पडला. हरलो आमी. पण हरल्यावर कोणी एवढं नाचलेलं मी बघितलं न्हाई. दोन्हीकडच्या पोरींनी मावशीला उचललं. ती वरून शिव्या देत होती, खाली ठेवा ग सटव्यांनो, लुगडं फाटंल! आन् रडायली बी होती, हसायली बी होती. मंग खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले, चेअरमनसाहेबांना पहिला.

पल्लवी आता डॉक्टरकी शिकायलीय. मावशी थकलीय, नांदेडहून येणं होत न्हाई, पण फोन करते. आन् अभ्यासिकेचं काय झालं म्हणाल, तर ठराव अजून तसाच हाय. चेअरमनसाहेब म्हणतात, रद्द न्हाई केला, पुढं ढकललाय. दर मीटिंगला कोणीतरी विषय काढतंच, जागा मोकळी पडलीय, काहीतरी बांधू. त्यांचं बी चुकत न्हाई, लातुरात मोकळी जागा दिसली की माणसाला बांधकामच सुचतं. म्हून मी एकच ठरवलंय, जागा मोकळी दिसूच द्यायची न्हाई. परीक्षा असो, उन्हाळा असो, लग्नसराई असो, पाच वाजता तितं चेंडू आपटला पाहिजे. सुट्टीला पोरी गावी जातात तवा मी भांडेवालीला घेऊन खेळते, भाजीवाल्याला घेऊन खेळते. गुडघे दुखतात, दुखू द्या. विजूला हार घालणारे लई हायत, तिची जागा अडवून धरणारे पाहिजेत.

देव तुमचं भलं करो, येवढ्या लांबून आलाव, येवढं सगळं ऐकून घेतलाव. पण वही ठेवा आता, पाच वाजायला आलेत. आज पोरींची टेस्ट हाय, चौघीच यायच्यात. बघायलाव काय माझ्याकडं? चपला काढा आन् चला.